लेखणी भाड्याने घ्यावी काय?

आपल्या नियतकालिकांविषयी आपण पुष्कळ बोलतो. कोणी काय लिहिले, कोणाची कविता खरी आणि कोणाची बेगडी, वर्गणीदार का गळतात, यावर परिसंवाद झडतात. पण ते पान कोणत्या साधनावर लागते आणि त्या साधनाची किल्ली कोणाच्या खिशात असते, याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. जणू मजकूर लेखकाच्या वहीतून उडून थेट कागदावर जाऊन बसतो! मी गेली २८ वर्षे अक्षरजुळणी करते. या पडद्यामागच्या कामाविषयी लिहायचे तर ते मीच लिहिले पाहिजे, म्हणून हा खटाटोप.

निमित्त घडले ते असे. मी ज्या त्रैमासिकाची पाने लावते, त्याच्या संपादक मंडळाने मला एक सरळ प्रश्न विचारला: पेजमेकर सोडून नवे, महागडे सॉफ्टवेअर घ्यायचे की नाही? मंडळात दोन तट होते. एक म्हणत होता, जे चालले आहे ते चालू द्या. दुसरा, तरुणांचा, म्हणत होता की आपला अंक विसाव्या शतकातला दिसतो. दोघांनाही मी सांगितले की प्रश्न अंक कसा दिसतो हा नाहीच. मग प्रश्न कोणता, हे त्या बैठकीत नीट सांगता आले नाही. चहा आला आणि विषय बदलला. ते आता सविस्तर सांगते.

आधी थोडा इतिहास. पेजमेकर हे १९८५ साली आल्डस नावाच्या अमेरिकन कंपनीने काढले. खिळे, केस आणि जुळारी यांचे राज्य ज्याने संपवले तेच हे साधन. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस कंपनीच ताब्यात घेतली. १९९९ मध्ये ॲडोबीने इनडिझाइन काढले, २००१ मध्ये पेजमेकरची सातवी आणि शेवटची मुख्य आवृत्ती आली आणि २००४ मध्ये पेजमेकरचा पुढचा विकास बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले. म्हणजे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली कितीतरी दुकाने ज्या साधनावर वर्षानुवर्षे चालली, ते त्याच्या मालकानेच केव्हाचे मृत ठरवलेले होते. मेलेल्या साधनावर जिवंत साहित्य छापले जात होते, असे म्हटले तरी चालेल.

तरीही तोवर एक गोष्ट ठीक होती. सॉफ्टवेअर विकत मिळे. एकदा पैसे मोजले, डबा घरी आणला, चकती यंत्रात घातली की ती आवृत्ती तुमची. नवी आवृत्ती आली तर घ्या, नाहीतर जुन्यावर दहा वर्षे काढा. गरीब माणसाच्या अर्थशास्त्राला हे मानवते. शिलाई यंत्र असेच घेतले जाते: चांगल्या दिवसांत घ्यायचे आणि वाईट दिवसांत त्यावर जगायचे.

२०१३ मध्ये हे बदलले. ॲडोबीने जाहीर केले की २०१२ ची सीएस६ ही विकत मिळणारी शेवटची मालिका. यापुढे नवे सारे काही भाड्याने, क्रिएटिव्ह क्लाउड या नावाखाली. अमेरिकेतल्या किमती सांगते, कारण त्या जाहीर आहेत आणि हिशेब कळायला पुरेशा आहेत. सीएस६ चा सगळ्यांत मोठा संच २,५९९ डॉलरला होता. सगळ्या प्रोग्रॅमचे भाडे सुरुवातीला महिना सुमारे ५० डॉलर होते. म्हणजे ५२ महिन्यांत मूळ किंमत फिटली. त्यानंतर विकत घेणाऱ्याचे देणे संपते, भाडेकऱ्याचे संपत नाही. शिवाय भाडे वाढते. २०२५ मध्ये याच संचाला नवे नाव देऊन अमेरिकेत ते महिना सुमारे ७० डॉलरवर नेले गेले. आपल्याकडचा दर वेगळा असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, पण चाकाची दिशा तीच आहे.

भाडे थकले तर काय होते? तुमची फाइल कोणी चोरत नाही. ती तुमच्याच यंत्रात असते. पण ती उघडणारा प्रोग्रॅम उघडत नाही. धान्य कोठीत आहे, कोठीला कुलूप आहे आणि कुलूप दुसऱ्याचे आहे. याच्याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणाऱ्यांना मी व्हेनेझुएलाचे उदाहरण देते. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सरकारच्या निर्बंधांचे कारण सांगून ॲडोबीने त्या देशातली सगळी खाती बंद करणार असल्याचे कळवले. पुढे त्याच महिन्यात परवानगी मिळाली आणि निर्णय फिरला. पण मधल्या काळात तिथल्या चित्रकारांना, मुद्रकांना, छोट्या वृत्तपत्रांना काय वाटले असेल याचा विचार करा. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. ते फक्त भाडेकरू होते.

रंगाचेही असेच झाले. पँटोन नावाची कंपनी छपाईच्या रंगांना क्रमांक देते आणि त्या क्रमांकांवर तिची मालकी आहे. २०२२ च्या अखेरीस ॲडोबीच्या प्रोग्रॅममधून या रंगांचे बहुतेक संग्रह काढले गेले आणि ते हवे असतील तर पँटोनला वेगळे पैसे द्या, असे ठरले. फोटोशॉपच्या जुन्या फायली उघडल्या तर जिथे तो रंग भरलेला होता तिथे काळे दिसू लागले. आपल्याकडे मुखपृष्ठावर निळा लागतोच लागतो. मी तो नेहमी सयान आणि मॅजेन्टाच्या टक्क्यांत लिहून ठेवते, त्यामुळे माझ्या कामाला धक्का लागला नाही. पण निळ्यालाही मालक असू शकतो, हे आपल्या कवींना कळायला हवे.

आणखी एक गोष्ट भाड्याने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. वार्षिक करार करून हप्ते महिन्याला देण्याची जी पद्धत आहे, ती पहिल्या वर्षात मध्येच सोडली तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते, अशी अट होती. ही अट ग्राहकापासून झाकून ठेवली जाते, असा आरोप करून जून २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने ॲडोबीवर दावाही लावला. तेव्हा सही करण्याआधी, म्हणजे बटण दाबण्याआधी, बारीक अक्षर वाचावे. बारीक अक्षरात काय असते हे आपल्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अनुभवले आहे.

एवढे ऐकल्यावर पहिला तट खूश होतो: मग जुनेच बरे! मुळीच नाही. जुन्यातला धोका भाड्यापेक्षा मोठा आहे आणि तो मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा जास्त आहे. तो समजून घ्यायचा तर जुने मराठी फाँट कसे चालत ते समजले पाहिजे.

संगणकात अक्षर नसते, आकडा असतो. त्या काळच्या फाँटमध्ये एकूण २५६ जागा, त्यांतल्याही सगळ्या वापरता येत नसत. मराठीला क, का, कि, अर्धा क, रफार, जोडाक्षरे हे सगळे बसवायचे. प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवले. एकीने जिथे ‘क’ ठेवला तिथे दुसरीने ‘म’ ठेवला. म्हणजे पडद्यावर तुम्हाला ‘माणूस’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात मात्र काही इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असते. तो विशिष्ट फाँट आहे तोवर मराठी आहे. फाँट गेला की गोंधळ आहे. त्यातच कित्येक पॅकेजांना यंत्राच्या पाठीमागे लावायचे एक कुलूप असे. ते हरवले वा जळले की सगळे ठप्प.

युनिकोडने हे बदलले. त्यात ‘क’ चा आकडा २३२५, कोणत्याही फाँटमध्ये, कोणत्याही देशात. जोडाक्षर साठवले जात नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन आकडे, आणि त्यांचा एक आकार करायचे काम फाँट आणि प्रोग्रॅम मिळून करतात. आज आपले लेखक मोबाइलवर लिहून पाठवतात ते युनिकोडमध्येच. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून मला लेखकाचा युनिकोडमधला चांगला मजकूर आधी उलटा जुन्या फाँटमध्ये बदलावा लागे, आणि त्या उलथापालथीत शिरलेल्या चुका पुन्हा प्रुफात काढाव्या लागत. शहाण्याला वेडा करून घरात घ्यायचे, तसला हा प्रकार.

आणि जुन्या अंकांचे काय? या त्रैमासिकाचे १९९७ पासूनचे अंक माझ्याकडे पेजमेकरच्या फायलींत आहेत. त्यांतल्या कित्येक लेखकांचे पुस्तक कधीच निघाले नाही. कोणी गिरणी कामगार होता, कोणी पाटबंधारे खात्यात चौकीदार. त्यांनी आयुष्यात दोन-तीन आत्मकथनपर लेख लिहिले आणि ते याच अंकांत आहेत. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या, पुरात गेल्या, घर बदलताना रद्दीत गेल्या. उरल्या त्या या फायली. इनडिझाइन पूर्वी पेजमेकरच्या फायली उघडत असे. सीएस६ नंतरच्या आवृत्त्यांनी तेही सोडले. टाइप वन जातीच्या फाँटना (इथेही जात आहेच) ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्रॅममध्ये थारा देणे बंद केले. म्हणजे आज कोणी पैसेवाल्याने आपल्याला सगळ्यांत महाग सॉफ्टवेअर फुकट दिले, तरी त्याने हे जुने अंक उघडणार नाहीत! तरुण मित्रांना नेमके हेच ठाऊक नव्हते. नवे घेतले की जुने आपोआप पुढे येते, अशी त्यांची समजूत. दरवाजा पुढचा उघडतो तेव्हा मागचा बंद होतो, आणि मागच्या खोलीत आपली माणसे आहेत.

यातून माझे उत्तर निघाले. पहिला खर्च सॉफ्टवेअरवर नाही, मजकूर सोडवण्यावर. ज्या जुन्या यंत्रावर पेजमेकर चालते ते यंत्र जिवंत आहे तोवर प्रत्येक अंकातला मजकूर बाहेर काढायचा, युनिकोडमध्ये न्यायचा, वाचून शुद्ध करायचा आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवायचा, जी कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही प्रोग्रॅमने, फुकट उघडते. जोडीला छापील पानासारखी पीडीएफ. पीडीएफ हे २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, कोणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही. पण नुसती पीडीएफ पुरत नाही हे ध्यानात घ्या: जुन्या फाँटची पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण तिच्यात ‘महार वतन’ हा शब्द शोधायला जा, सापडणार नाही. विद्यार्थ्याला संशोधनासाठी ती मुकीच.

यानंतरच पुढच्या अंकांसाठी साधन कोणते, हा प्रश्न. त्रैमासिकासाठी मी स्क्रायबस सुचवले. ते मोफत आहे आणि त्याचा परवानाच असा आहे की कोणीही वापरावे, आत काय आहे ते पाहावे, बदलावे, वाटावे. भारतीय लिपींची जोडाक्षरे त्याला पूर्वी जमत नसत, १.५ च्या मालिकेत ती सोय आली आणि जानेवारी २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती सगळ्यांना मिळाली. छापखान्याला लागणारी चार रंगांची पीडीएफ ते देते. त्याचे दोषही सांगते, नाहीतर हा लेख जाहिरात ठरेल. लांब पुस्तकाला ते जड जाते, तक्ते लावताना जीव नकोसा करते, इनडिझाइनची मूळ फाइल उघडत नाही, आणि समतोल ओळी लावण्यात इनडिझाइन त्याच्या पुष्कळ पुढे आहे. पण आपले त्रैमासिक म्हणजे ९६ पाने, काळ्या शाईचा मजकूर, थोड्या कविता, दोन रेखाचित्रे. एवढ्यासाठी दरमहा भाडे? फाँटसाठी एक टाइप संस्थेचा मुक्ता आहे, मुंबई आयआयटीचा शोभिका आहे, खास मराठी वळणाचा तिरो देवनागरी मराठी आहे. तिन्ही मोफत आहेत. आणि मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे असतात याची जाण आता फाँट करणाऱ्यांना आली आहे, हे सांगायला मला आनंद होतो.

कोणताही प्रोग्रॅम घ्या, फुकट वा महाग, घेण्याआधी एक ओळ लावून पाहा: ‘दुसऱ्या शेतकऱ्याचा धार्मिक निर्धार, बुद्धाची दृष्टी, वाङ्मय, ॲसिड.’ ‘ऱ्या’ तुटला, रफार भलत्या अक्षरावर बसला, ‘द्ध’ चे दोन तुकडे झाले, ‘ॲ’ च्या जागी टिंबांचे वर्तुळ आले, तर विक्रेता काहीही म्हणो, ते साधन मराठीचे नाही. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात आणि पाच वर्षांचा मनस्ताप वाचतो.

बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने जो आक्षेप घेतला तो मला महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, “ताई, उतरलेले कपडे आपण घातले, उरलेले अन्न आपण खाल्ले. आता साधनेसुद्धा फुकटची, दुय्यम घ्यायची का? आपल्या अंकाला उत्तमातले उत्तम का नको?” या बोलण्यामागची चीड खरी आहे. तिला मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या. उतरलेला कपडा म्हणजे कोणीतरी वापरून टाकलेला. मुक्त सॉफ्टवेअर कोणी टाकलेले नाही. ते अनेकांनी मिळून बांधलेले आहे आणि त्यावर तुमचा हक्क परवान्यातच लिहिलेला आहे. महाडच्या तळ्यावर आपण १९२७ साली गेलो ते दुसऱ्याचे पाणी मागायला नव्हे. तळे सार्वजनिक होते म्हणून. ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, हे आपण दर सभेत सांगतो. त्यातून बाबासाहेबांनी काय केले? पत्रे स्वतःची काढली आणि पुढे छापखानाही स्वतःचा उभा केला. साधन कोणाच्या हातात, हा प्रश्न त्यांना गौण वाटला नव्हता.

मात्र त्याच्या आक्षेपाचा एक अर्धा भाग माझ्या गळ्याशी येतो, तो असा. माझ्याकडे वस्तीतल्या दोन मुली काम शिकतात. उद्या त्या पुण्यात नोकरी मागायला जातील तेव्हा त्यांना कोणी स्क्रायबस येते का विचारणार नाही. इनडिझाइन आणि फोटोशॉप येते का विचारतील. चळवळीचे तत्त्व सांभाळायला त्यांच्या भाकरीचा बळी मी का द्यावा? म्हणून दुकानाच्या एका यंत्रावर मी इनडिझाइन भाड्याने घेतले आहे. त्यावर लग्नपत्रिका, शाळांची पुस्तके, बँकेचे अहवाल लागतात. ते भाडे गिऱ्हाइकाच्या बिलातून निघते आणि मुली शिकतात. धंद्याचे साधन धंद्याने पोसावे. त्रैमासिकाच्या तुटपुंज्या वर्गणीने ते पोसू नये, एवढेच माझे म्हणणे. तिथेही नियम एकच: काम संपले की आयडीएमएल ही देवाणघेवाणीची प्रत, पीडीएफ आणि साधा मजकूर वेगळा काढून ठेवायचा, मूळ फाइलवर विसंबायचे नाही.

चोरीच्या प्रतीचा मार्ग सगळ्यांना माहीत आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो चालतो. मला त्यात शौर्य दिसत नाही. जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमाखाली सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यवस्थेच्या विरोधात लिहिणाऱ्या पत्राच्या कार्यालयात असा पुरावा आयता ठेवणे म्हणजे ज्याला धाड घालायची आहे त्याला दार उघडून देणे होय. शिवाय चोरून घेतली तरी फाइल त्याच कुलपात राहते.

आता कामाचे सांगते. पेजमेकरमधून मजकूर काढला की तो परिवर्तक प्रोग्रॅममधून युनिकोडमध्ये जातो. पण जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतील त्या क्रमाने टंकलेली असत: ‘धार्मिक’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग म, मग त्यावर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: र्, मग म, मग वेलांटी. परिवर्तकाला ही अदलाबदल करावी लागते आणि नेमकी तिथेच तो चुकतो. ‘कर्मवीर’ चा ‘कमर्वीर’ होतो. म्हणून परिवर्तनानंतर माणसाने मूळ अंक समोर ठेवून ओळ न् ओळ वाचणे याला पर्याय नाही. एका अंकाला माझ्या अनुभवाने दहा-बारा दिवस लागतात, तेही रोज संध्याकाळचे दोन तास दिले तर. बोलीभाषेतल्या लेखांना अधिक, कारण तिथे ‘चूक’ कोणती आणि लेखकाचा शब्द कोणता, हे परक्या वाचणाऱ्याला कळत नाही. मराठवाड्याच्या खेड्यातला शब्द पुण्याच्या शुद्धलेखन तपासनीसाने ‘सुधारला’, तर तो लेख वाचवला असे म्हणता येणार नाही.

आजवर १९ अंक असे झाले आहेत. उरलेल्यांत १९९९ चे दोन अंक अडकले आहेत, कारण त्यांत तीन लेख दुसऱ्या दुकानात जुळवून आले होते आणि तो फाँट माझ्याकडे नाही. त्यांची छापील प्रत मिळाली की ती स्कॅन करून टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅमने वाचून घेता येईल. संपादक मंडळाने सॉफ्टवेअरसाठी बाजूला ठेवलेली रक्कम आता मुद्रितशोधनाच्या मानधनाकडे वळवली आहे, आणि दोन महाविद्यालयीन विद्यार्थी त्या कामावर शनिवारी येतात.